शांत मुलगा

भाचीला बघायला आलेला मुलगा तासभर पोह्यांच्या बशीकडे बघत बसला होता. ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, किती शांत आहे गं! आवडला मला."

मलाही असाच एक आवडला होता. आम्हा दोघींचेही वडील घर डोक्यावर घेणारे. माणूस कुठला आवडतोय? आपल्या घरात जे कधी नव्हतं, तेच आपण समोरच्यात बघतो. त्याचं गप्प बसणं मला समंजस वाटलं. माझं मूल पोटातच गेलं, त्या दिवशीही तो गप्पच होता.

"तुला कसा वाटला?" भाचीने विचारलं.

सांगायला हवं होतं. पण आता माझीही बोलायची सवय मोडली आहे. मी चहा गाळत राहिले.

तिने तो होकार मानला आणि ट्रे घेऊन हसत बाहेर गेली.