जाळीवरचे प्रिंट

मामाचा कोणावरच विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, हवामान खात्यावर नाही आणि माझ्या कॉम्प्युटरवर तर नाहीच नाही. डिजिटल फोटो म्हणजे त्याच्या लेखी नुसती अफवा. कागदावर चांदी बसली की मगच तो फोटो. लोक कृष्णधवल फाइली पाठवतात, मी त्यांची पारदर्शक फिल्मवर निगेटिव्ह छापते आणि मामा ती काचेखाली चांदीच्या कागदावर दाबून डार्करूममध्ये प्रिंट काढतो.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा झिजतोय म्हणून सांगितलं, तेव्हा डॉक्टरही संशयितांच्या यादीत गेले. "ज्या दिवशी माझ्या प्रिंटवर धुळीचा एक ठिपका दिसेल, त्या दिवशी डार्करूमला कुलूप," मामाने बजावलं. आम्हाला धडकीच भरली. एकदा तापामुळे तो दोन दिवस बाहेरच्या खोलीत बसला होता, तर मामी माहेरी जायच्या बेतात होती.

या महिन्यात नवं खूळ निघालं. म्हणे, जाळीवर वाळत घातलेले प्रिंट कोणीतरी हलवतंय. त्याने प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने आकडे घातले. सकाळी चार नंबरच्या जागी सहा नंबर.

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"मामा, मला चोरायचेच असते तर फाइली माझ्याकडेच आहेत."

"तेच तर म्हणतोय मी."

मी इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. पण संशय हा साथीचा रोग आहे. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटणाऱ्या मामीच्या बोटाचं टोक मला करडं दिसलं. "शाई गं," ती म्हणाली. कसली शाई? वाण्याची यादीसुद्धा ती तोंडीच सांगते. त्यानंतर मीही तिच्यावर नजर ठेवू लागले. मामाचीच भाची ना!

एका शाळेने जुन्या शिक्षकांचे चोवीस फोटो मागवले होते. प्रिंट वाळून तयार झाले आणि ऐन वेळी फोन आला, तपकिरी रंगात हवेत. म्हणजे टोनिंग करायचं. मामीचा चेहरा उतरला.

"अहो, आहेत तसेच छान दिसतायत की!"

मामाने कान टवकारले. "तुला गं काय त्याचं? बस इथे. माझ्या नजरेसमोर बस."

टोनिंगला अंधार लागत नाही. आम्ही तिघं दिव्याखाली ट्रेभोवती बसलो. पहिल्या ट्रेमध्ये ब्लीच असतं, त्यात चित्र पार उडून जातं. मग दुसऱ्या ट्रेमध्ये, सडक्या अंड्यांच्या वासात, ते तपकिरी होऊन परत येतं. मामाने मुख्याध्यापक ब्लीचमध्ये सोडले. आधी कोट गेला, मग केस, मग चेहरा. कागद फिकट पिवळसर उरला.

आणि त्यावर बारीक करडे ठिपके उरले. कपाळावर, गालावर, मागच्या भिंतीवर मिळून तीस-चाळीस तरी असतील. ब्लीच चांदी उडवतं, ब्रशने भरलेला रंग उडवत नाही. धुळीमुळे पडलेले पांढरे डाग कोणीतरी एकेक करून बुजवले होते. मी मामीच्या बोटाकडे पाहिलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

"झाला कोरा," मामा समाधानाने म्हणाला.

त्याला दिसलेच नव्हते. मी तोंड उघडलं, पण मामीने डोळ्यांनीच नको म्हटलं. दोघीही गप्प. आता आमच्या गप्प बसण्यावर मामा विश्वास ठेवणार थोडाच! त्याने खिशातून भिंग काढलं आणि ट्रेवर वाकला. भिंग कपाळावरून गालावर, गालावरून मागच्या भिंतीवर सरकलं.

"केव्हापासून?"

"झाली दोन वर्षं," मामी म्हणाली. "कुलूप नको होतं मला."

वाटलं, आता किल्ली फेकेल. त्याने कागद चिमट्याने उचलला, पाण्यात खळबळला आणि दुसऱ्या ट्रेमध्ये सोडला. मुख्याध्यापक हळूहळू परतले.

"ठिपके टोनिंगनंतर भरायचे असतात," तो खेकसला. "एवढं कळत नाही?"

"नाही कळलं."

पुढचा प्रिंट त्याने उचलला आणि परत खाली ठेवला. मग काच पुसायचं मऊ फडकं त्याने मामीच्या मांडीवर ठेवलं.

"आणि यापुढे काच तूच पूस. मला धूळ दिसत नाही."