घड्याळात पाहून वेळ टाकणे

कौसामावशींचं नाव आधी लिहिते. नंतर लिहू म्हटलं तर गोष्ट सांगण्याच्या नादात ते राहून जाईल, आणि मग मला आठवडाभर जेवण जाणार नाही. गंगापूरच्या अलीकडं एका गावात दूध संकलन केंद्र आहे, ते कौसामावशी चालवतात. घर मेंढरंवाल्यांचं. सासरे अजून कळपामागं हिंडतात, मावशी कॉम्प्युटरवर फॅट टाकतात. त्या शुक्रवारी मावशी तोंड मिटून बसल्या असत्या तर कुणाचं काहीच अडलं नसतं. फक्त मी परत सोल्डरिंगच्या टेबलावर गेले असते.

तर, शुक्रवार. केंद्रात आम्ही पाच जण उभे होतो आणि चार जण माझ्याकडं बघत होते. स्क्रीनवर वेळ होती पाच चाळीस. भिंतीवरचं घड्याळ दाखवत होतं पाच दहा. डेअरीच्या साहेबांच्या मनगटावर पाच दहा, आमच्या सरांच्या मोबाईलवर पाच दहा. सगळं गाव एकीकडं आणि माझा प्रोग्राम एकीकडं.

आमच्या ऑफिसातला निखिल म्हणाला, "सर, मी म्हणालो होतो ना? लंडन."

हे लंडन काय ते सांगते.

मी वडशाकडची, पार गडचिरोली जिल्ह्यातली. नववीत शाळा सोडली. घरून इथवर यायला एक दिवस आणि एक रात्र जाते, त्यामुळं घरचे कधी बघायला येत नाहीत, आणि ते बरंच आहे. मुकुंदवाडीत दोघींमध्ये एक खोली. चिकलठाण्याला जाधव सरांचा छोटा कारखाना आहे, तिथं कार्डांवर सोल्डरिंग करायला लागले. कार्ड म्हणजे ती हिरवी पाटी, जिच्यावर इलेक्ट्रॉनिकचे पार्ट बसवतात. सोल्डरिंग करता करता टेस्टिंगला गेले. टेस्टिंगला एक जुना कॉम्प्युटर होता. त्यात दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम बघून बघून, मोडून मोडून, थोडं लिहायला शिकले. जाधव सरांनी ते पाहिलं आणि रागावले नाहीत. म्हणाले, सहा महिने सॉफ्टवेअरला बस, जमलं तर कायमचं पत्र देतो. मी त्याच संध्याकाळी घरी फोन करून सांगून टाकलं की मी प्रोग्रामर झाले. एवढी घाई करायला नको होती.

आमचा माल म्हणजे एक डबा. दूध केंद्रावर बल्क कूलर असतो, स्टीलची मोठी टाकी. त्यात दूध चार डिग्रीपर्यंत थंड करून ठेवतात. आमचा डबा दर मिनिटाला एक ओळ लिहितो: किती वाजले, टाकीत दूध किती आहे आणि ते किती थंड आहे. एवढंच काम. पण वेळ चुकली की त्या ओळीला काडीची किंमत नाही.

आणि वेळ चुकत होती. डब्यात घड्याळाची एक चिप असते आणि वीज गेली तर तिला जिवंत ठेवायला हातातल्या घड्याळात असतो तसा एक सेल. त्या खेपेचे सेलच मरके आले. वीज गेली की चिप सगळं विसरायची. असल्या छोट्या कॉम्प्युटरला काही आठवेनासं झालं की तो १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतो. तिथून त्याची बाराखडी सुरू होते. गंगापूरकडं वीज रोज जाते. त्यामुळं आमच्या नोंदीप्रमाणं पाच केंद्रांतलं दूध माझ्या आईच्या जन्माआधीच थंड झालेलं होतं.

नवे सेल यायला तीन महिने होते. सर म्हणाले, "तोवर केंद्रावरच्या माणसाला हातानं वेळ लावता आली पाहिजे. एक टूल लिही. वेळ दाखवायची, वेळ लावायची. बारीक पाहिजे, डब्यात जागा नाही."

तयार टूल असतं असं, पण जागा वाचवायला आम्ही ते आधीच काढून टाकलं होतं. शिवाय त्यात महिना आधी आणि दिवस नंतर लिहावा लागतो. निखिल बी.ई. आहे, तोसुद्धा त्यात दर वेळी चुकायचा. मग मी आमचं लिहिलं. नाव ठेवलं vel. केंद्रावरच्या कॉम्प्युटरवरून डब्याला एक वायर जाते. काळ्या स्क्रीनवर vel लिहून एंटर मारलं की डब्याची वेळ दिसते. vel लिहून पुढं तारीख आणि वेळ लिहिली की ती लागते. दिवस आधी, महिना नंतर, आपण लिहितो तसं. माऊस नाही, चित्र नाही, बटण नाही. आख्खं टूल इतकं लहान की मोबाईलच्या एका फोटोच्या जागेत अशी शंभर मावतील. मला ते फार आवडायचं. लपून लपून उघडून बघायचे.

आता लंडन. डबा आतल्या आत लंडनकडची वेळ मोजतो. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे दाखवताना साडेपाच मिळवायचे आणि लावताना साडेपाच वजा करायचे. मी मिळवायला विसरले नाही, वजा करायला विसरले. ऑफिसात पहिल्याच दिवशी सकाळी दहा टाकले आणि दुपारचे साडेतीन दिसले. निखिल शेजारीच उभा होता. चूक दहा मिनिटांत सुधारली, पण तेव्हापासून मी लंडनवाली. चहा आला की, "लंडनवालीला द्या, तिकडं अजून सकाळ आहे."

पाचही केंद्रांवर टूल टाकलं. सोबत एक कागद टाईप करून भिंतीला चिकटवला. तीन ओळी होत्या. तिसरी ओळ: घड्याळात पाहून वेळ टाकणे. हे 'टाकणे' मला स्वतःलाच लई भारी वाटलं होतं. सरकारी वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी कौसामावशींचा फोन. वीज जाऊन आली होती. मी एकेक अक्षर सांगत होते, मावशी एकेक दाबत होत्या. वेळ टाकायची आली तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, घड्याळाचाच टायम टाकायचा ना?"

मी तेव्हा एका हातानं दुसरा डबा टेस्ट करत होते. म्हटलं, "मग काय कोंबड्याचा टाकता, मावशी?"

मावशी हसल्या, म्हणाल्या व्हय व्हय, आणि फोन ठेवला.

हे मी विसरून गेले.

दोन महिने बरे गेले. मग डेअरीच्या क्वालिटीच्या साहेबांनी एका संध्याकाळची आमची नोंद आणि टँकरची नोंद शेजारी शेजारी ठेवली. टँकरला जीपीएस असतो, तो कधी निघाला ते कळतं. टँकर कौसामावशींच्या केंद्रावरून सात दहाला निघाला होता. आमच्या डब्याच्या म्हणण्याप्रमाणं टाकीतून टँकरमध्ये दूध भरायला सुरुवात झाली सात वीसला. म्हणजे टँकर रस्त्याला लागल्यावर दहा मिनिटांनी. साहेबांनी फोनवर सरांना अगदी शांतपणे विचारलं की मधल्या वेळात दूध हवेत होतं का.

टँकर भरायला वीस मिनिटं लागतात, ती धरून हिशोब केल्यावर डबा बरोबर अर्धा तास पुढं निघाला. ना एकोणतीस मिनिटं ना एकतीस. निखिलनं लगेच निदान केलं. "साडेपाच वजा करायचे होते, हिनं पाचच केले. वरचा अर्धा राहिला."

मला ते पटलं. हीच तर अडचण होती. मी तीन दिवस तो प्रोग्राम ओळ न ओळ वाचला. साडेपाच तासांचे सेकंद कागदावर करून पाहिले, खोलीतल्या मैत्रिणीकडून करून घेतले. ऑफिसातल्या डब्यावर पन्नास वेळा वेळ लावली, पन्नास वेळा बरोबर आली. बाकी चार केंद्रांवरून तक्रार नव्हती, पण निखिल म्हणाला, तिथं अजून कुणी बघितलंच नाही. शाळा सोडलेल्या माणसाचं असं होतं की चूक सापडली नाही तर चूक नाही असं वाटत नाही. आपल्याला दिसत नाही असं वाटतं.

गुरुवारी सर म्हणाले, उद्या साहेबांना घेऊन केंद्रावर जाऊ. तिथं वेळ चुकीची निघाली तर सोमवारपासून सॉफ्टवेअर निखिल बघेल आणि तू टेबलावर. ते चिडून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

आणि शुक्रवारी ते तसं झालं. पाच चाळीस आणि पाच दहा. मी घाबरून घरच्या बोलीत गेले. "असं काहून होऊन राह्यलं," असं काहीतरी माझ्या तोंडून निघालं. निखिल हसला. साहेबांनी फाईल मिटली. सर म्हणाले, "ठीक आहे. सोमवारपासून तू टेबलावर बस."

संध्याकाळच्या दुधाची रांग दारापर्यंत आली होती. कॅन घेतलेली माणसं दारातून डोकावून कोण रागावतंय ते बघत होती. कौसामावशी माप भरत होत्या. त्यांनी माप खाली ठेवलं.

"कुठल्या टेबलावर?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, सोल्डरिंगच्या. माझं सॉफ्टवेअर सुटलं म्हणून.

मावशींनी रांगेकडं पाहिलं. मग साहेबांकडं. मग पुन्हा रांगेकडं, आणि हे दुसऱ्यांदा पाहणं जरा जास्त वेळ चाललं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "डबा खोटं बोलत नाय. ते घड्याळ खोटं बोलत व्हतं."

साहेबांनी भिंतीवर पाहिलं. "ते तर बरोबर आहे."

"आज बरोबर हाय. तुम्ही येणार म्हणून सकाळी मागं घेतलं."

मग सगळं बाहेर आलं. दूध घ्यायची वेळ संपली की टँकर थांबत नाही. माणसं मात्र टँकरचा आवाज ऐकून घरून निघायची. मावशींनी दिवाळीपासून भिंतीवरचं घड्याळ पाच-पाच मिनिटं पुढं सरकवायला सुरुवात केली. अर्ध्या तासावर नेऊन ठेवलं. केंद्राचा कायदा एकच, दूध घड्याळावर बंद होणार. कुणी मोबाईल काढून दाखवला तर मावशी सांगायच्या, तुझ्या मोबाईलला इथं रेंज नाय, त्याचं काय खरं. साहेब लोक येणार असले की घड्याळ जागेवर, साहेब गेले की पुढं. गावात वेळा दोन होत्या, खरी आणि घड्याळाची. मावशींनी डब्यात घड्याळाची टाकली, इमानदारीत, रोज. आज घड्याळ मागं घेतलं, पण डबा मागं घ्यायचं ध्यानात राहिलं नाही.

रांगेतल्या माना भिंतीकडं वळल्या. मग मागून एका आजोबांनी विचारलं, "म्हंजे कौसे, मी दिवाळीपासून अर्धा तास आधी उठू लागलो?"

"तब्येत सुधारली ना तुमची," मावशी म्हणाल्या आणि माप उचललं.

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी फाईल परत उघडली. मी मोबाईलमध्ये पाहून वेळ लावली, vel मारलं, पाच एकोणीस आले. साहेबांच्या मनगटावर पाच एकोणीस. त्यांनी तिथंच डबा ठीक असल्याची सही केली. निखिल म्हणाला, त्याला आधीपासूनच हार्डवेअरचा संशय होता. भिंतीवरच्या घड्याळाला हार्डवेअर म्हणता येतं, म्हणून मी वाद घातला नाही.

निघताना मावशींनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, पाठीवर हात फिरवतील.

"कोंबड्याचा टाकला असता," त्या कानात म्हणाल्या, "तर बरं झालं असतं ना गं?"

तेव्हा मला तो फोन आठवला. त्यांनी विचारलं होतं. नीट विचारलं होतं, आणि मी उत्तरात कोंबडा दिला होता. भिंतीवर कागदही माझाच होता. ह्या पोरीनं सांगितलं तसंच टाकलं, एवढं म्हणायचा अवकाश होता, मावशींचं घड्याळ झाकलेलं राहिलं असतं आणि रांग वेळेवर येत राहिली असती. त्या ते बोलल्या नाहीत. स्वतःचं उघडं केलं आणि माझं झाकून ठेवलं.

मीसुद्धा तिथं बोलले नाही. भीती वाटली. शनिवार-रविवार खोलीत बसून राहिले आणि सोमवारी सकाळी सरांना सगळं सांगितलं, फोन, कोंबडा, तिसरी ओळ.

सर म्हणाले, "तुला काय वाटलं, मी भिंतीवरचा कागद वाचला नाही? कागद बदल आणि कामाला लाग." कायमचं पत्र त्याच आठवड्यात मिळालं. त्यात माझं आडनाव चुकलंय. मी ते तसंच जपून ठेवलंय.

कागदावर आता आहे: मोबाईलमध्ये पाहून वेळ टाकणे. टूलमध्येही एक प्रश्न वाढवला. वेळ लावायच्या आधी ते विचारतं, ही वेळ कुठं पाहिली? उत्तर काहीही दिलं तरी ते वेळ लावतं. पण माणूस क्षणभर थांबतो, आणि तेवढं पुरतं. प्रोग्रामची सगळ्यात महागात पडणारी चूक ही बहुतेक प्रोग्रामच्या बाहेर, कागदावर साध्या मराठीत लिहिलेली असते. आणि कुणी साधा प्रश्न विचारला तर कोंबडा मध्ये आणू नये.

मावशींची रांग मात्र बिघडली. आता सगळे मोबाईल घेऊन येतात आणि सगळ्यांना रेंज असते. परवा फोनवर त्या म्हणाल्या, रोज घसा फुटतो. मी त्यांना शब्द दिलाय. थोडे पार्ट जमले की त्यांच्या भिंतीसाठी एक घड्याळ बनवणार आहे. आत वेळ खरी ठेवेल. दाखवताना मात्र रोज वेगळी पुढं दाखवेल, कधी सात मिनिटं, कधी एकवीस, म्हणजे कुणाला वजाबाकीच करता येणार नाही. साहेब आले की दाबायला मागं एक बटण, दाबलं की खरी वेळ. वजा करायला ह्या वेळी मी विसरणार नाही, मावशी.