नाण्यानं वाजवलेला पंख

सहादू पगारेला विमानाचं कौतुक कधीचंच उरलं नव्हतं. चौतीस वर्षं ज्यानं विमानाच्या पोटाखाली उताणं पडून गळकं तेल अंगावर घेतलं, त्याला कसलं आलंय कौतुक! सहलीला आलेली पोरं आभाळाकडं बोट दाखवून ओरडायची आणि सहादूच्या मनात यायचं, आता हे उतरलं की याचे प्लग काढून साफ करायला बसा. कंबर धरलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, निवृत्तीला सात महिने. दिंडोरीच्या अंगाला, द्राक्षबागांच्या मधोमध विमान चालवायला शिकवणारी एक खासगी शाळा आहे, तिथं तो तंत्रज्ञ. बाहेरचे लोक मिस्त्रीच म्हणत.

शाळेकडं एका इंजिनाची छोटी विमानं होती, दोन तऱ्हेची. जुन्या तऱ्हेला सहादू थोरली म्हणायचा आणि नव्या तऱ्हेला धाकटी. ही नावं पुढं सगळ्या हँगरनं उचलली.

थोरली पत्र्याची, रिबिटांनी जोडलेली. तिचे पंख डोक्यावर, त्यामुळं उन्हात खाली सावलीत बसून काम करता यायचं. पेट्रोलच्या टाक्या पंखात, म्हणजे इंजिनाच्या वर. पेट्रोल आपल्या वजनानंच खाली उतरायचं, पंपाचं लोढणं नाही. पण टाकीत किती आहे ते बघायचं तर शिडी लावून चढा. वळताना आतला पंख खाली झुकायचा आणि जिकडं वळायचं तिकडचंच दिसेनासं व्हायचं. हा दोष बनवणाऱ्यानं साठ वर्षांत का काढला नाही, हे सहादूला कळलं नव्हतं. शिवाय तिचा आवाज! इंजिन तपासायला पूर्ण ताकदीवर घेतलं की छातीचा पिंजरा हलायचा. सुरुवातीच्या काळात कानाला झाकणं कुणी देत नव्हतं. सहादू कापसाचा बोळा घालायचा, तोही आठवला तर.

धाकटी वेगळ्याच घरची. धाग्यांचे थर चिकट रसायनात बसवून घडवलेली, पत्रा नाहीच. गंज नाही, रिबिट ढिलं होणं नाही. पंख खाली, वर नुसती काच, त्यामुळं वैमानिकाला चहूकडं दिसतं. इंजिन कमी पितं, कमी ओरडतं. समोर घड्याळांच्या जागी दोन मोठे पडदे. मात्र एप्रिलमध्ये त्या काचेखाली बसणं म्हणजे भट्टीत बसणं. रंग पांढराच ठेवावा लागतो, कारण ऊन शोषलं तर अंग नरम पडतं. उतरताना लवकर जमिनीला टेकायला बघत नाही, तरंगतच राहते, आणि नवशिकी पोरं घाबरून आपटतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला कुठं लागलं तर दिसत नाही. थोरलीला मार बसला की पोचा पडतो, आंधळ्यालाही हाताला लागेल. धाकटीला बसलेला मार आत जातो. आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरून अंग गुळगुळीतच राहतं.

म्हणून तिला वाजवून बघायचं. मोठ्या कारखान्यात त्यासाठी यंत्रं असतात. इथं एक नाणं. बोटभर अंतरावर नाणं आपटत जायचं. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द. सहादूकडं या कामाचं जुनं रुपयाचं जाड नाणं होतं, आणि हँगरमध्ये म्हणायची पद्धत होती की वाजवायला सहादूकाकाच पाहिजेत, काकांचा कान म्हणजे कान.

तो कान गेलेला होता. दोन वर्षं झाली असतील. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, फोनची घंटाही यायची. बारीक, धारेचा आवाज तेवढा येईनासा झाला होता. थोरलीनं चौतीस वर्षांत कान नेले आणि आता धाकटी कान मागत होती. बनवणाऱ्यानं वैमानिकाच्या डोळ्यांचा विचार केला, पेट्रोलचा केला; मिस्त्रीच्या कानाचं कुणाच्या लक्षात राहिलं? सहादूनं मात्र हे कुणाला सांगितलं नाही. सुरुवातीला त्याला वाटलं, मळ असेल. मग वाटलं, दमल्यामुळं होतंय. मग निवृत्ती जवळ आली. दुसरा हात पंखावर ठेवून थरथर बोटांना कळते, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. कधीकधी कळायचीही.

त्या मंगळवारी दुपारी गारपीट झाली. हँगरच्या दाराचं चाक अडकलं आणि एक थोरली, एक धाकटी बाहेरच सापडल्या. दहा मिनिटं लिंबाएवढ्या गारा पडल्या. पाऊस थांबल्यावर सगळे धावले. थोरलीच्या अंगावर देवीचे व्रण उठावेत तसे पोचे पडले होते. धाकटी शेजारी न्हाऊन उभी, एक ओरखडा नाही.

"दिसत नाही म्हणून सोडून चालणार नाही," ज्योत्स्ना म्हणाली. ती शाळेची परवानाधारक अभियंता, वय तिशीच्या आत. तिच्या सहीशिवाय विमान हलत नसे. "काका, उद्या धाकटीचे दोन्ही पंख पूर्ण वाजवून घ्या. गुरुवारी सकाळी पायलचं पहिलं एकटीचं उड्डाण आहे, याच विमानात."

पायल विंचूरच्या कांदा व्यापाऱ्याची मुलगी. वय एकोणीस. शिकायला आलेल्या पोरांत हीच एकटी विमानाखाली वाकून सहादूला विचारायची, काका हे काय, ते कशाला.

बुधवारी सहादूनं सहा तास पंख वाजवले. आधी उभ्या रेषेत, मग आडव्या रेषेत. उन्हानं डोकं भणभणलं, खांदा भरून आला. टक, टक, टक. सगळीकडं एकच आवाज, दमट आणि दूरचा, गोधडीतून आल्यासारखा. डावा पंख, उजवा पंख. बोटांनाही काही कळेना. संध्याकाळी त्यानं तपासणीच्या कागदावर 'दोष आढळला नाही' यापुढं सही केली. खाली ज्योत्स्नानं केली. तिनं विचारलंसुद्धा नाही.

घरी जाताना पंचवटीत सुमनबाई, त्याची बायको, ठरल्याप्रमाणं वाट बघत होती. बुधवारचा गोदाघाटावरचा बाजार. तिला माठ घ्यायचा होता. कुंभारणीसमोर बसून ती बोटाच्या पेरानं एकेक माठ वाजवायला लागली. दोन बाजूला सारले. तिसरा उचलून दिला.

"ह्यो घेऊ. त्यो दुसरा फुटका हाय."

"कुठं फुटकाय? चांगला तर दिसतोय."

"दिसायला काय! वाजवून बघा ना."

सहादूनं वाजवला. मग चांगला वाजवला. पुन्हा तो फुटका. दोघांत काडीचा फरक नव्हता. सुमनबाई हसली. "अवो, येवढा बद्द आवाज! शेजारच्या बाईला बी कळला. तुमी तर विमानं वाजवता."

कुंभारीणही हसली. सहादूनं मात्र फुटका माठ कानाशी धरून आणखी एकदा वाजवला. माठ मांडीवर धरून सुमनबाई स्कूटरवर मागं बसली आणि घरापर्यंत पाण्याचं, मातीचं, भावाचं बोलत राहिली.  त्याला एवढंच दिसत होतं की आज दिवसभर त्याच्या हाताखालून उजवा-डावा मिळून एवढा मोठा पंख गेला आणि त्यानं त्याचं काहीही ऐकलेलं नाही. आणि उद्या त्यात पोरगी एकटी बसणार. गप्प बसलं तर कदाचित काही होणार नाही, सात महिने निघून जातील, हारतुरे होतील. सांगितलं तर चौतीस वर्षांचं नाव एका सकाळीत जाईल. तो खरंच इतका दमला होता की गप्प बसणंच सोपं वाटत होतं.

गुरुवारी तो सहाला पोचला. पायल आधीच आलेली, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. एकटीनं उडून उतरलं की अंगावर बादलीभर पाणी ओतायची तिथं पद्धत. पोरांनी बादली भरून दारात ठेवली होती. पायलची आई विंचूरहून पेढ्यांचा पुडा घेऊन आली होती आणि भिंतीजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती.

ज्योत्स्ना कागद चाळत होती.

"मॅडम, धाकटी काढू नका."

"का? काल तर सही केलीत."

"सही केली. ऐकलं नाय."

"म्हणजे?"

"मला बारीक आवाज येतच नाय, मॅडम. दोन वर्सं झाली."

ज्योत्स्ना रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हात पुढं केला, सहादूनं नाणं दिलं, आणि ती पंखाशी गेली. सहादूला वाजवण्यातला फरक कळत नव्हता, म्हणून तो तिचं तोंड बघत उभा राहिला. डावा पंख झाला. उजव्या पंखावर, मुळापासून हातभर अंतरावर, तिचा हात थांबला. मागं गेला. पुन्हा पुढं आला. तिनं खिशातून लाल पेन्सिल काढली आणि भाकरीएवढं वर्तुळ ओढलं.

"इथे बद्द वाजतंय."

सहादूनं तिच्याकडून नाणं घेऊन वर्तुळाच्या आत वाजवलं. मग बाहेर. दोन्हीकडं तेच.

आज तो पंख मोडला असता का? कुणी सांगावं. शंभर उड्डाणं काही झालंही नसतं. पण पायल तिथंच उभी होती, लाल वर्तुळाकडं बघत, आणि तिच्या ओठांचा रंग उतरला होता.

"आजचं रद्द," ज्योत्स्ना म्हणाली.

पायल म्हणाली, "काका, काल सांगितलं असतं तर आईला बोलावलं तरी नसतं." तिच्या आवाजात राग नव्हता, रडू होतं. सहादूला ते नीट ऐकू आलं.

आईला नेमकं काही कळलं नव्हतं. विमानात बिघाड निघाला आणि या मिस्त्रीनं तो आधी सांगितला, एवढंच तिला समजलं. ती उठून आली आणि पुडा सोडून पुढं केला. "घ्या भाऊ. आणलेच हायेत, तर परत कशाला न्यायचे? तुमच्यासारखी मान्सं हायेत म्हनून आमी पोरींना पाठवतो." सहादूनं पेढा घेतला. तोंडात न घालता तो मुठीतच धरून ठेवला. शरमेनं मेल्यासारखं झालं, पण खरं काय ते त्या बाईला सांगायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

नऊच्या सुमारास ज्योत्स्नानं दोन वर्षांच्या तपासणीचे कागद टेबलावर काढले. धाकटी जिथं जिथं वाजवून बघितली होती ते सगळे.

"हे सगळं पुन्हा वाजवावं लागेल," ती म्हणाली. "आणि हे एकट्या तुमचं नाही, काका. खाली प्रत्येक ठिकाणी माझी सही आहे. मी पंखावर नाही, तुमच्या कानावर सही करत आले."

"आता हे रद्द कसं करायचं?"

"आडवी रेघ मारायची आणि शेजारी पुनर्तपासणी लिहायचं. मी करते."

"रेघ मी मारतो," सहादू म्हणाला.

तिनं पेन दिलं. तो खुर्चीत बसला आणि पहिल्या कागदापासून स्वतःची सही शोधून तिच्यावर रेघ मारत गेला. वळणदार सही होती, शाळेत गुरुजींनी वाखाणलेली. बाहेर उन्हं चढली, कुणीतरी ती भरलेली बादली उचलून नेली. काही सह्या घाईतल्या होत्या, काही नीट सावकाश केलेल्या. रेघ सगळ्यांवर सारखीच बसत होती. शेवटचा कागद कालचा होता. त्याच्यावरची शाई अजून निळीभोर होती.

रेघ मारून त्यानं मान वर केली. हँगरच्या त्या टोकाला ज्योत्स्ना दुसरी धाकटी तपासत होती. तिचा हात खाली येत होता, वर जात होता, पुन्हा खाली येत होता. शेजारी पायल मान वाकडी करून, कान लावून ऐकत होती. सहादू बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.