जावयाने दाखवलेली दरी

वाशीमच्या कचेरीत मी नकलनवीस होतो. साहेबलोकांचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवायचे, एवढेच काम. पण दुसऱ्याचे शहाणपण रोज हाताखालून गेले की ते आपलेच वाटू लागते. एकदा एका गोऱ्या साहेबाच्या दौऱ्याचा कागद आला. मेडशीकडच्या जंगलात एक रमणीय दरी आहे, नाला डाव्या हाताला ठेवून चालत राहिले की माणूस वळसा घालून निघाला तिथेच परत येतो, असे त्यात होते.

मेडशी माझी सासुरवाडी. लग्नाला सहाच महिने झालेले. बायकोला आणायला गेलो, तेव्हा तिथल्या दणकट माणसांत छाप पाडायला माझ्याजवळ हा एवढाच माल होता.

सकाळीच मी ओसरीवर जाहीर केले, की आज दरी पाहू.

"कोन्या कामानं?" सासऱ्यांनी विचारले.

"बिनकामानं. नुसतं फिरायचं."

"अन् पोचायचं कुठी?"

"परत इथंच."

"इथं तं तुमी हायेतच!" ते बोलून गेले, मग आपण जावयाशी बोलतो आहोत हे आठवून त्यांनी दोन्ही मुलांना हाक मारली. "जा रे संगं. जवाईबापू म्हनतात तं असन काही."

घरात पुरण शिजत होते, आणि जावई जेवल्याशिवाय त्या घरात कुणी घास घेत नसे.

मी पुढे, पायात कचेरीचे बूट. मागे दोन साळे, थोरल्याच्या खांद्यावर कुऱ्हाड. नाला डावीकडे ठेवून मी साहेबाचीच वाक्ये मराठीत म्हणत होतो, साळे माना डोलवत होते. तासाभराने मोहाचे एक दुभंगलेले झाड लागले. पुढच्या तासाला पुन्हा एक दुभंगलेला मोह.

"या जंगलात असे मोह फार दिसतात," मी म्हणालो.

"हो भाऊजी, लय हायेत," थोरला गंभीरपणे म्हणाला.

नाला मात्र इमानाने डावीकडेच होता. तो एका टेकाडाला वेढा घालून जात होता आणि आम्ही त्याच टेकाडाभोवती फिरत होतो, ही बारीकसारीक गोष्ट कागदात नव्हती.

तिसऱ्या मोहापाशी तांड्यावरची एक बाई गवत कापत होती. ती हसायलाच लागली. "कायहो दादा, सकाळपासून तीनदा पाह्यलं तुमाले. काही हरपलं काय?"

"नाही बाई," धाकटा म्हणाला, "आमचे भाऊजी हवा खाऊन राह्यले."

"मंग आजूक पोट नाही भरलं?"

ऊन माथ्यावरून कलले होते. धाकट्याच्या पोटातली गुरगुर मला ऐकू येत होती. जावईपण सांभाळायचे की घरच्या दहा माणसांची भूक? आणखी अर्धा फेरा मी जावईपण सांभाळले. मग बूट काढले, टाचेवरचा फोड पाहिला आणि म्हणालो, "मी चुकलो. रस्ता कुठला?"

थोरल्याने कुऱ्हाडीनेच समोरचा पळस दाखवला. "हे काय, त्याच्या मांगं आपलं वावर."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बकऱ्या इथंच तं चारल्या आमी."

"मग सांगितलं का नाही?"

"जवायाले कसं म्हनाव, तुमी चुकले म्हनून? बुढ्यानं घरात घेतलं नसतं आमाले!"

दहा मिनिटांत घर. ओसरीवर सासरे सुकलेल्या तोंडाने बसले होते. आता खरे सांगून मोकळे व्हायचे, असे मी ठरवलेच होते. "मामाजी, मी रस्ता चुकलो."

"तुमी कायले चुकसान?" ते दचकून म्हणाले. "नालाच सरकला असन."

"सरकला ना," दोन्ही साळ्यांनी साक्ष दिली.

पंगतीत बायको तूप वाढायला वाकली आणि पदराआडून पुटपुटली, "बिगीनं जेवा. तुमी हात धुतल्याबिगर आतल्या बायाईचं पान मांडत नाहीत. मी सकाळपासून उपाशी हावो."

मी पोळ्या जवळजवळ गिळल्या. पण ताट रिकामे दिसले की सासूबाई आतून ओरडत, "वाढा वो, जवाईबापू भुकेजले हायेत!" आणि नवी पोळी पडे. मी ताटावर आडवा झालो, नको नको म्हणालो, हात जोडले. माझी चूक त्या घरात कुणी ऐकून घेतली नव्हती. माझे 'नको' कोण ऐकणार?