जाब्रियातला पिवळा अझेलिया

चारुशीला नाशिकची. वनस्पतीशास्त्र शिकलेली, पण लग्नानंतर उदयबरोबर कुवेतला आली आणि नोकरी राहूनच गेली. तिथल्या जाब्रिया भागात ते दोघं तळमजल्यावर राहायचे. वरच्या मजल्यावर एकटी घरमालकीण, खतिजा. तिचे वडील एके काळी मुंबईत खजुराचा व्यापार करत, म्हणून तिला हिंदी छान यायचं. चारुशीला तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

खालाचा नवरा इंग्लंडमध्ये उपचार घेताना वारला होता. तिथल्या त्याच्या खोलीच्या खिडकीखाली पिवळा अझेलिया फुललेला असे. "वासासाठी रोज खिडकी उघडायला लावायचे," असं एकदा चहा घेताना ती सहज बोलून गेली.

चारुशीलाच्या मनात ते राहिलं. २००० सालच्या फेब्रुवारीत शहरातल्या शर्क भागात एका दुकानात तिला तसंच रोप मिळालं. कुवेतची माती खारी, पाणीही या झाडाला न मानवणारं. तिनं कुंडीत नारळाचा भुसा आणि पाइनची साल भरली आणि एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून घालू लागली.

जुलैत आईच्या आजारपणामुळे तिला नाशिकला जावं लागलं. खाला म्हणाली, "पौधा मेरे कमरे में रख दो."

गुडघेदुखीनं बेजार झालेली ती बाई दोन महिने उठून झाडाला पाणी घालत राहिली. चारुशीला परतली तेव्हा रोप हिरवंगार होतं. थंडी पडू लागली तशी तिनं कुंडी अंगणात ठेवली.

डिसेंबरात सगळी पानं गळली. खालानं चहाला खाली येणंच बंद केलं. चारुशीला वर गेली, तर ती तोंड फिरवून बसलेली.

"मैंने मार डाला ना उसे?"

चारुशीलानं तिला हाताला धरून हळूहळू अंगणात आणलं आणि फांदीची साल नखानं जराशी खरवडली. आत ओला हिरवा रंग होता.

"खाला, ये सो रहा है. हर सर्दी में ऐसे ही सोता है."

खालानं फांदीवरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले.

मार्चमध्ये फुलांचे दोनच झुबके आले. चारुशीला कुंडी उचलून वर घेऊन गेली. खालानं डोळे मिटून वास घेतला आणि नवऱ्याचं नाव पुटपुटली. चारुशीलानं ते पहिल्यांदाच ऐकलं.

झाड आणखी तीन हिवाळे टिकलं, मग एका कडक उन्हाळ्यात गेलं. दोघींनी पुन्हा आणलं नाही. संध्याकाळचा चहा मात्र खाला असेपर्यंत चालू होता.