लग्नाला पुरेल अशी पॉवर बँक

किस्से कोणी मुद्दाम जमवायला बसत नाही. पिशवीत कोंबलेल्या वायरींसारखे ते आपोआप एकमेकांत अडकतात आणि एक ओढायला गेलं की पाच बाहेर येतात. आमच्या पिशवीत तर वायरीही आहेत आणि किस्सेही!

आमचं काम सांगतो. ज्या गावांत मोबाइलची रेंज नाही, तिथली लग्नं आम्ही लांबच्या नातेवाइकांना लाइव्ह दाखवतो. पाटाएवढी पांढरी अँटेना अंगणात ठेवायची, ती थेट उपग्रहाशी बोलली की इंटरनेट सुरू. त्या अँटेनाला वीज पुरवते पॉवर बँक. टीम तिघांची. कॅमेऱ्यावर भोजराज, इंटरनेटवर इंजिनिअर झालेली माझी पुतणी पल्लवी, आणि सगळ्यांची बोलणी खायला मी. वय त्रेपन्न, राहणार सक्करदरा, नागपूर, कंबर कायमची दुखरी.

लोक विचारतात, या सगळ्यात अवघड काय? कॅमेरा नाही, उपग्रह नाही. पॉवर बँक निवडणं!

*

पहिली बँक मी निवडली. ऑनलाइन, नुसता आकडा बघून. पन्नास हजार एमएएच! गावात गेलो, वायर लावली, तर अँटेनाचा साधा दिवासुद्धा लागेना. मी डबा हलवला, उलटा केला, फुंकर मारली.

पल्लवी म्हणाली, "काका, टाकी मोठी हाये, पण तोटी बारीक. हे मोबाइलसाठी हाये. अँटेनाले लागते तेवढे वॉट हे देतच नाही."

"मंग त्याच्यावर लिहिलं काहून नाही?"

"लिहिलं हाये. मागून, बारीक अक्षरात."

त्या लग्नात एकाही नातेवाइकाला काही दिसलं नाही. आमच्या तिघांचे मोबाइल मात्र शंभर टक्के चार्ज होते. रेंज नव्हती, चार्ज होता!

*

दुसऱ्या वेळी शहाणे होऊन सीताबर्डीच्या दुकानात गेलो. दुकानदार जाणकार होता. अँटेना किती वॉट ओढते? पल्लवीनं सांगितलं. विमानात न्यायची का? नाही. मग त्यानं सगळ्यात सोपा प्रश्न विचारला.

"किती तास चालायला पाहिजे?"

भोजराज बोटांवर तास मोजू लागला. पत्रिकेत मुहूर्त असतो अकरा चाळीसचा. वरात निघते बारा वाजता. मग नाच. मग नवरदेवाचा एखादा मित्र रस्त्यावर आडवा झोपतो आणि त्याला उठवायला बाकीचे मित्र नाचतात. हे सगळं वॉटमध्ये कसं मांडायचं?

"लग्नासाठी पाहिजे," मी म्हटलं.

"कोणीकडचं?"

"सावनेरकडचं."

त्यानं हातातला डबा परत कपाटात ठेवला आणि मोठा काढला. "मंग हे दोन घ्या, भाऊ."

दोन घेतले.

*

मे महिन्यातलं एक लग्न. बँक इतकी तापली की स्वतःहूनच बंद पडली. नागपूरच्या उन्हात धडधाकट माणसं पडतात, तिला काय बोलणार! भोजराजनं तिला उचललं आणि मांडवातल्या एकुलत्या एक कूलरसमोर खुर्चीवर ठेवलं. ती खुर्ची मोठ्या जावयांची होती, हे त्याला कुठून माहीत? ते हात धुवायला गेले होते.

परत येऊन त्यांनी खुर्चीकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. मग सासऱ्यांना हाक मारली.

"आम्ही निघतो. या घरी जावयाले पंखा अन् डब्ब्याले कूलर!"

त्यांची समजूत काढण्यात पाऊण तास गेला. तोवर बँक गार झाली. जावई तापलेलेच होते.

*

आणि पाहुणे! बँक दिसली की खिशातून मोबाइल निघालाच. एकदा लाइव्ह मध्येच बंद पडलं. मी धावत गेलो, तर तिन्ही भोकांत तीन मोबाइल, आणि आमच्या अँटेनाची वायर नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. वर रबरबँड! तिकडे दुबईत नवरीचा भाऊ सप्तपदीऐवजी गोल फिरणारं चक्र बघत बसला होता.

पल्लवी सहसा चिडत नाही. त्या दिवशी त्या रबरबँडवाल्या मावशींवर चिडली. "मावशी, हे मोबाइल चार्ज करायसाठी नाही!"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मंग त्याले पॉवर बँक काहाले म्हणतं वं?"

*

लोकांना वाटतं, मजेचं काम आहे. रोज लग्न, रोज जेवण. खरं सांगतो, दमलो आता. पंगतीत जिलेबी वाढली जाते आणि मी त्या डब्यावरचे टक्के मोजत असतो. घरी गेल्यावर बायको विचारते, "नवरी कशी होती?" मला आठवत नाही. बँक किती टक्क्यांवर होती ते आठवतं. याचं वाईट वाटतं.

पण एक नवरी आठवते.

*

सावनेरच्या पुढचं, टेकडीआडचं गाव. नवरी कल्याणी. तिच्या वडिलांचं पाच दिवसांपूर्वी नागपुरात हृदयाचं ऑपरेशन झालेलं. लग्न पुढे ढकलू, असं सगळे म्हणाले. तेच ऐकेनात. "ढकलायचं नाही. मले फक्त दाखवा." म्हणून आम्हाला बोलावलं. दवाखान्यात त्यांच्यासमोर फोन धरायला एक सिस्टर.

ठरलं होतं फक्त लग्न लागताना दाखवायचं. पण सकाळी नऊला त्यांचा चेहरा आमच्या टॅबवर आला, तो हललाच नाही. "तो खांब वाकडा हाये. झालर वर घ्या. आचारी कुठी गेला?" पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी अख्खा मांडव उभा केला. बंद करू का, असं भोजराजनं दोनदा खुणेनं विचारलं. कोणाची हिंमत होईना. माझीही नाही.

गावातली लाइट सकाळीच गेलेली. पहिली बँक साडेबाराला संपली. दुसरी तीन वाजून गेल्यावर वीस टक्क्यांवर. वरात अजून मारुतीच्या देवळापाशी, नाचत. गावात एकच जनरेटर, तो डीजेचा, म्हणजे तोही वरातीत! मी धावत जाऊन नवरदेवाच्या काकांना हात जोडले. "बस, एक गाणं," ते म्हणाले. मग आणखी एक. परत आलो तेव्हा अकरा टक्के.

कल्याणी बाशिंग बांधून आतल्या खोलीत बसली होती. तिनं पल्लवीला जवळ बोलावलं. "किती राहिलं वं?"

"वीस मिनिटं."

ती उठली. शालू दोन्ही हातांनी वर धरला आणि भर उन्हात रस्त्यानं चालू लागली. मामी मागून ओरडत होती, "अवं, नवरी अशी बाहेर निघते का!" ती थेट घोड्यासमोर जाऊन उभी राहिली. डीजेवाल्यानं घाबरून आवाज बंद केला.

"उतरा जी," ती नवरदेवाला म्हणाली. "बाबांची बॅटरी संपून राहिली."

नवरदेवानं घोड्यावरून उडीच मारली. दोघं पुढे धावत, वरात त्यांच्यामागे धावत. भटजींनी मंगलाष्टकं दोनच घेतली. शेवटचं 'सावधान' झालं तेव्हा चार टक्के होते. मांडवात अक्षता उडाल्या आणि मी टॅबकडे बघितलं.

वडील उठून बसले होते. उशाखालची कागदाची पुडी त्यांनी सोडली, मूठ भरली आणि समोर टाकली. आमची स्क्रीन तांदळानं भरून गेली. मागून सिस्टरचा आवाज, "काका, फोनवर नाही टाकायच्या! फोनवर नाही!"

दोन टक्के.

त्यांनी दुसरी मूठ भरली.