साडूंची दुपारची भुतं

मीरा-भाईंदरच्या हद्दीत भुतांची मनापासून काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जिवंत माणसांचं त्यांना फारसं पडलेलं नसतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या पाण्यावरून एकमेकांची कॉलर धरायची वेळ आली तरी साडू खिडकीबाहेर बघत बसतात; पण एखाद्या जुन्या पिक्चरमध्ये हडळीचे पाय सुलटे दिसले की त्यांना दोन दिवस अन्न गोड लागत नाही. "अहो साडू, पाय उलटे दाखवायला काय लागतं? बाईला मागे मागे चालवायची, केस तोंडावरून पुढे सोडायचे. झालं! पण नाही. निष्काळजीपणा." असं म्हणताना उजव्या हाताची करंगळी ते हवेत नाचवतात. ही करंगळी मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेली आहे, सरळ चाललेल्या गल्लीने अचानक वळण घ्यावं तशी. तरुणपणी ते काशीमीऱ्याच्या एका गॅरेजात जनरेटर दुरुस्त करायचे, तिथे पट्ट्यात सापडून ती तशी झाली. ती करंगळी मी वर्षानुवर्षं दर रविवारी हातभर अंतरावरून पाहत आलो आहे. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

भुताचा पिक्चर साडू फक्त भर दुपारी बघतात, पडदे उघडे टाकून. "रात्री काय, मांजर आडवं गेलं तरी माणूस दचकतो. समोरच्या बिल्डिंगमधली बाई पापड वाळत घालताना दिसतेय, आणि तरी पाठीतून शिरशिरी आली, तर तो डायरेक्टर." तारे-बिरे देऊन पिक्चर जोखणं त्यांना मान्य नाही. सुरुवातीला कपभर चहा समोर ठेवायचा. चहा पिऊन संपला तर पिक्चर टाकाऊ. गार झाला तर बरा. साय धरली तर उत्तम. परदेशी भुतं त्यांना शिस्तीची वाटतात, "ठरल्या वेळी येतात, कपडेही इस्त्रीचे." पण हल्लीच्या ज्या पिक्चरांत भूत शेवटपर्यंत येतच नाही आणि ते नायिकेच्या मनात होतं असं कळतं, त्यांच्यावर साडूंचा दात आहे. "मनातलं भूत बघायला पिक्चर कशाला? आरसा आहे की घरात." आपल्याकडचं कोकम सरबतासारखं रक्त, कोकणात ओरडणारे लांडगे, कंदील घेऊन पुढे चालणारा आणि सगळ्यांत आधी मरणारा रखवालदार, हे मात्र सगळं माफ. काळ्या-पांढऱ्या पिक्चरांबद्दल ते एकदा म्हणाले होते, "त्यात भूत आणि माणूस एकाच रंगाचे असतात. म्हणून भीती वाटते." हे वाक्य चांगलं आहे, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी मोबाइल बघत होतो.

ताई, म्हणजे साडूंची बायको, वारल्या आणि साडू घरात एकटे उरले, तेव्हा बायको मला म्हणाली, "भावोजींकडे रविवारचं जात जा. त्या भुतांबद्दल बोलायला आता कुणी नाहीये त्यांना." मी जाऊ लागलो. साडूंनी लगेच मोबाइलवर ग्रुप काढला, नाव 'तळघर'. सभासद तीन: साडू, मी आणि त्यांच्या बिल्डिंगखालचा मेडिकलवाला जिग्नेश. साडूंनी आठवड्याला एक पिक्चर पाठवायचा, आम्ही बघून मत द्यायचं. जिग्नेश मत बोलून पाठवायचा, दुकानातल्या गिऱ्हाइकांसकट: "साडूभाई, क्या पिक्चर दिया है! वो पालना अपने आप हिलता है ना, मेरी मिसेस बोली बेबी को अब नीचे सुलाओ... हां काकी, ये खाना खाने के बाद." आणि मी लिहायचो, "पाहिला. पार्श्वसंगीत जबरदस्त. शेवट थोडा ओढलाय."

यातला एकही पिक्चर मी पाहिला नाही. एकही. भीती वाटते म्हटलं असतं तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. बायकोला मी तेच सांगत आलो. खरं कारण भीती नव्हतं. मला तो सगळा प्रकार हलका वाटायचा. मी दादरहून इथे राहायला आलेला, ऑफिसात खुर्चीवर बसणारा, नाटकं बघणारा माणूस. विधुर साडूला सोबत देतो म्हणजे उपकारच करतो, वर त्याची भुतंही कशाला बघू? माझी तीन वाक्यं कुठल्याही पिक्चरला बसतात, याचा मला अभिमानसुद्धा होता.

एकदा ती बसली नाहीत. साडूंनी पाठवलेल्या एका दुर्मिळ पिक्चरची कॉपी मध्येच तुटलेली होती. तळघराचं दार उघडतं आणि पुढे काळोख. मी लिहिलं, शेवट थोडा ओढलाय. जिग्नेशने हसून हसून रडणारे चेहरे पाठवले. "भाईसाब, एंड किधर देखा आपने? सपने में?" मी उत्तर जुळवत होतो तोच साडूंचा मेसेज आला: "त्यांच्याकडे पूर्ण प्रिंट असेल. वाचणारा माणूस आहे, मिळवतो कुठून तरी." मी सुटलो. कुणी सोडवलं, याचा विचार केला नाही.

मग गेल्या हिवाळ्यात साडूंना तो पिक्चर सापडला. कितीतरी वर्षं ते तो इंटरनेटवर शोधत होते; कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून टाकला होता. लिंकखाली एरवी नुसतं "बघा" असायचं. या वेळी होतं, "हा नीट बघा. मग बोलू." जिग्नेश लग्नासाठी गावी गेलेला. पिक्चर दोन तासांच्या वर, माझं मत अर्ध्या तासात. तीच तीन वाक्यं. रविवारी गेलो तर साडूंनी फरसाण आणलेलं, कपाटातले चांगले कप काढलेले. बोलता बोलता त्यांनी उजवा पंजा टीपॉयवर पसरून ठेवला.

"कबरीतला हात कसा वाटला?"

"जबरदस्त," मी म्हणालो. "मेकअप काय केलाय!"

साडू थोडा वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले. "मेकअप नव्हता," ते म्हणाले आणि हात उचलून त्यांनी मांडीवर घेतला. फरसाणाची बशी माझ्यापुढे सरकवली. डाव्या हाताने.

जिग्नेश परत आला, त्याने पिक्चर पाहिला आणि दुकानातून ओरडतच मेसेज पाठवला: "अरे वो हाथ! वो टेढ़ी उंगली! साडूभाई, कब्र में आप हो? काकी, दो मिनट रुको, ये देखो, अपने साडूभाई!" साडूंनी लिहिलं, "हो, मीच." मग हकीगत कळली. इथल्याच, भाईंदरच्या डोंगरीकडच्या एका बंद बंगल्यात शूटिंग होतं आणि जनरेटर बिघडला म्हणून गॅरेजातून साडूंना बोलावलं होतं. कबरीच्या खड्ड्यात खाडीचं पाणी झिरपलेलं. ठरलेला माणूस आत उतरेना. साडू उतरले. वर फळ्या, फळ्यांवर माती, श्वासाला तोंडात रबरी नळी आणि फटीतून वर काढलेला हात.

त्यानंतर साडूंनी मला कुठल्याही पिक्चरबद्दल विचारलं नाही. रविवार चालू राहिले. आम्ही टँकरवर बोलू लागलो, रस्त्याच्या खोदकामावर, माझ्या ब्लडप्रेशरवर. भुतं वजा केल्यावर साडू इतके साधे गृहस्थ उरतील असं मला वाटलं नव्हतं. शेवटी एका दुपारी मी चहा घेऊन तो पिक्चर बघायला बसलो. लिंक उघडली. पिक्चर तिथून काढून टाकलेला होता.

पुढच्या रविवारी मी म्हणालो, "साडू, मी तुमचा एकही पिक्चर पाहिलेला नाही."

"माहितीये."

"कधीपासून?"

"अर्ध्या पिक्चरचा शेवट तुम्हाला ओढलेला वाटला, तेव्हापासून."

"मग पाठवत का राहिलात?"

"तुम्ही येत होतात ना." साडूंनी भिंतीवरच्या ताईंच्या फोटोकडे पाहिलं. "आणि हा तरी बघाल असं वाटलं. हिलाही मी आधी सांगितलं नव्हतं. नवीन लग्न, थेटरात घेऊन गेलो. हात वर आला, सगळं थेटर किंचाळलं आणि ही हसायला लागली. म्हणाली, अहो, हा तर तुमचा! आणि पिक्चर संपेपर्यंत माझी करंगळी धरून बसली. म्हटलं, पुन्हा एकदा कुणी न सांगता ओळखतं का बघावं."

मला मान वर करवेना. "तुमच्याकडे असेल ना तो? मला दाखवा."

"नाही हो. उतरवून ठेवायचं सुचलंच नाही."  मग ते उठले, गुडघ्यांवर हात टेकत टेकत टीपॉयच्या पलीकडे जमिनीवर बसले आणि दिसेनासे झाले. "बघा," खालून आवाज आला.

खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे झटकत होती. टीपॉयच्या प्लॅस्टिकच्या कव्हराआडून आधी बोटांची टोकं आली, मग ती वळलेली करंगळी, मग मनगट. हात हवेत थांबला. मी नीट पाहिला. तो थरथरत होता. पिक्चरमध्येही तो असाच थरथरला होता, की हे आताचं, वयाचं आहे, हे मला कळेना. आणि ते विचारायची सोय मी ठेवलेली नव्हती.